गर्भपिशवीतील कोंब आणि संततीची प्रतीक्षा

या पानावर आम्ही बहुधा पिकांवरील कीड, जमिनीचा कस, जनावरांचे आजार, मुलांच्या लसी अशा विषयांवर लिहितो. आज घेतलेला विषय चारचौघांत बोलला जात नाही. तो बोलला जातो धर्मगुरूच्या कचेरीत, दार लोटून, आणि बहुतेक वेळा एकट्या पत्नीकडून. लग्नाला तीन-चार वर्षे झालेली असतात, घरी सासूबाईंचे उसासे सुरू झालेले असतात, आणि हातात सोनोग्राफीचा एक कागद असतो. त्यावर लिहिलेले असते, 'एंडोमेट्रियल पॉलिप'. मग प्रश्न सुरू होतात. हा कॅन्सर आहे का? यामुळेच मूल राहत नाही का? पिशवी काढावी लागेल का? आणि उपचार केले तर ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीविरुद्ध तर काही घडणार नाही ना?

आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु जाणकारांना विचारून व वाचून जे समजले ते साध्या भाषेत सांगणे आम्हांस शक्य आहे.

गर्भाशय, म्हणजे ज्याला आपल्याकडे पिशवी म्हणतात, ते मुठीहून लहान, उलट्या नासपतीच्या आकाराचे एक स्नायूंचे इंद्रिय होय. त्याच्या आत एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला हे अस्तर जाड होते, रक्ताने भरते, येणाऱ्या गर्भासाठी जणू गादी अंथरली जाते. गर्भ आला नाही तर ते सुटून बाहेर पडते, तीच पाळी. कधी कधी या अस्तराचा एखादा भाग इतरांबरोबर सुटत नाही. तो तिथेच राहून वाढतो आणि आतल्या पोकळीत कोंबासारखा लोंबू लागतो. कोणाचा तिळाएवढा, कोणाचा शेंगदाण्याएवढा, क्वचित त्याहून बराच मोठा. कधी त्याला देठ असतो, कधी तो बसका असतो. कधी एकच असतो, कधी अनेक. यालाच पॉलिप किंवा मांसांकुर म्हणतात.

तो का होतो याचे पूर्ण उत्तर वैद्यकशास्त्राकडे नाही. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने तो वाढतो एवढे निश्चित. वजन फार वाढलेले असेल, रक्तदाब असेल, किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमोक्सिफेन नावाची गोळी चालू असेल, तर तो होण्याचा संभव अधिक. पपई खाल्ल्याने, पाळीत डोक्यावरून पाणी घेतल्याने किंवा कोणाची दृष्ट लागल्याने तो होत नाही. हे मुद्दाम लिहावे लागते, कारण ही तिन्ही कारणे आमच्या कानांवर आलेली आहेत.

फायब्रॉइड ही गोष्ट वेगळी. ती गर्भाशयाच्या स्नायूची टणक गाठ असते, पॉलिप हा अस्तराचा मऊ कोंब. दोघांनाही लोक 'पिशवीत गाठ' म्हणतात आणि घोटाळा होतो. म्हणून आपल्या कागदावर नेमका कोणता शब्द आहे हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे.

आता कॅन्सरची भीती. मूल होण्याच्या वयातील स्त्रियांत हे पॉलिप बहुतेक सर्व निरुपद्रवी असतात. कर्करोग क्वचित आढळतो. पाळी कायमची बंद झाल्यानंतर रक्त दिसले आणि पॉलिप सापडला तर मात्र शंका अधिक धरावी लागते. म्हणून काढलेला प्रत्येक कोंब, तो कितीही साधा दिसो, तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवलाच पाहिजे, आणि तो अहवाल आपण मागून घेतला पाहिजे. अनेक भगिनी शस्त्रक्रियेनंतर बरे वाटले म्हणून अहवाल आणायलाच जात नाहीत. तसे करू नये.

पॉलिप असल्याची खूण काय? कित्येकींना काहीच खूण नसते. मूल राहत नाही म्हणून तपासणी केली आणि सापडला, असेच पुष्कळदा होते. इतरांना दोन पाळ्यांच्या मध्येच डाग लागतात, अंगावरून जास्त जाते, किंवा पतीशी संबंध आल्यानंतर थोडे रक्त दिसते. येथे आम्हांस एक तुलना सुचते. आपल्या नारायणगुड्यात इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन आहे. कुत्रा चावला की सारे शहर तेथे लस घ्यायला धावते, रात्र झाली तरी सकाळची वाट पाहवत नाही. तीच घरची बाई महिन्यातून दोनदा रक्त जात असताना वर्षभर गप्प बसते. विचारले तर म्हणते, "बायकांचं असतंच तसं." बायकांचे तसे नसते. पाळी सोडून इतर दिवशी रक्त दिसणे हे डॉक्टरांना दाखवण्याचे कारण आहे, मग मूल हवे असो वा नसो.

तपासणीची पहिली पायरी म्हणजे सोनोग्राफी. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत लहान पॉलिप निसटतो, म्हणून तज्ज्ञ बहुधा योनिमार्गातून करतात. हे ऐकून पुष्कळ जणी बिचकतात. तपासणी दुखरी नसते, दहा-पंधरा मिनिटांत होते, आणि स्त्री डॉक्टर हवी किंवा सोबत बाई हवी असे सांगण्याचा प्रत्येकीला हक्क आहे. वेळेचे मात्र महत्त्व आहे. पाळी सुरू झाल्यापासून साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत अस्तर पातळ असते, तेव्हा कोंब उठून दिसतो. पुढे अस्तर जाड झाल्यावर केलेल्या सोनोग्राफीत तो लपतो, किंवा नसलेला दिसल्यासारखा वाटतो. गवत वाढल्यावर बांधावरचा खड्डा दिसत नाही, तसेच हे. शंका राहिली तर पिशवीत थोडे सलाइन सोडून पुन्हा पाहतात. सर्वांत खात्रीची तपासणी म्हणजे दुर्बीण.

पॉलिपमुळे मूल राहत नाही हे कितपत खरे? पॉलिप असूनही दिवस गेलेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत, हे प्रथम सांगितले पाहिजे. परंतु कोंब मोठा असेल, किंवा गर्भनळी जेथे पिशवीत उघडते त्या तोंडाशीच तो बसला असेल, तर अडथळा होऊ शकतो. शिवाय तो असलेल्या जागेचे अस्तर नीट तयार होत नाही व गर्भ रुजण्यास अडचण येते, असे मानले जाते. या विषयावर स्पेनमधील माद्रिद येथे पेरेझ-मेदिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. मूल होत नसलेल्या व पॉलिप असलेल्या २०४ स्त्रियांची त्यांनी शेवटपर्यंत नोंद ठेवली. या सर्वजणी पतीचे बीज नळीने पिशवीत सोडण्याच्या उपचारासाठी थांबलेल्या होत्या. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटातील १०१ जणींचे पॉलिप आधी काढून टाकले, त्यांतील ६४ जणींना दिवस गेले. दुसऱ्या गटातील १०३ जणींचे पॉलिप नुसते तपासले पण काढले नाहीत, त्यांतील २९ जणींनाच दिवस गेले. आम्हांस यातली सर्वांत लक्षात राहिलेली गोष्ट पुढची आहे. पॉलिप काढल्यावर ज्यांना दिवस गेले त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींना ते नळीचा उपचार सुरू होण्यापूर्वीच, आपोआप, घरच्या घरी गेले.

एका अभ्यासावरून सारे जग ठरवू नये, आणि शस्त्रक्रिया केली म्हणजे मूल झालेच असे कोणी म्हणत असेल तर त्याच्यापासून चार पावले दूर राहावे. लहान पॉलिप, म्हणजे एक सेंटीमीटरपेक्षा कमी, वर्षभरात चौघींपैकी सुमारे एकीचा आपोआप नाहीसाही होतो. म्हणून त्रास नसेल, मूल होण्याची घाई नसेल, तर डॉक्टर कधी कधी थांबून पुन्हा पाहू असे म्हणतात, तेही योग्यच. परंतु वर्षभर प्रयत्न करूनही मूल राहिलेले नाही आणि पॉलिप दिसतो आहे, अशा वेळी तो काढणे बहुतेक तज्ज्ञ पसंत करतात.

तो काढतात कसा? या शस्त्रक्रियेला हिस्टरोस्कोपी म्हणतात. पेन्सिलीहून बारीक दुर्बीण खालच्या वाटेने गर्भाशयात नेतात, पिशवी सलाइनने किंचित फुगवतात, आणि डोळ्यांनी पाहत पाहत कोंब देठापासून कापून काढतात. पोटावर छेद नाही, टाके नाहीत. बहुधा पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत करतात, अर्ध्या तासाचे काम असते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. दोन-चार दिवस डाग लागणे, पोटात मुरडा येणे हे चालायचेच. ताप आला, फार रक्त गेले किंवा पोटात असह्य दुखू लागले तर मात्र रात्र न पाहता परत जावे. पिशवीला छिद्र पडणे, जंतुसंसर्ग होणे असे धोके कमी आहेत, पण आहेत. पॉलिप पुन्हा उगवूही शकतो. पुढच्या प्रयत्नासाठी किती दिवस थांबावे हे ज्याने शस्त्रक्रिया केली त्यालाच विचारावे, बहुधा एखादी पाळी होऊ द्या असे सांगतात.

दुर्बिणीने गर्भाशयात पाहण्याची कल्पना नवी नाही. १८६९ साली पँटॅलिओनी नावाच्या डॉक्टरांनी पाळी बंद झालेल्या पण रक्त जात असलेल्या एका स्त्रीच्या गर्भाशयात नळीवाटे प्रकाश टाकून पाहिले, आणि त्यांना आत जे दिसले तो पॉलिपच होता! म्हणजे या तपासणीचा जन्मच या कोंबापायी झाला. आणि भूल देण्याची भीती वाटणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की भुलीच्या शास्त्रात आपल्या हैदराबादचे नाव जुने आहे. १८८८ व १८८९ साली निजामाच्या आश्रयाने येथे क्लोरोफॉर्मवर दोन मोठे आयोग बसले. त्यांचे काही निष्कर्ष पुढे चुकीचे ठरले हा भाग वेगळा. त्याच काळात येथील डॉ. रूपाबाई फर्दूनजी भूल देण्याचे काम शिकल्या, आणि त्या जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत गणल्या जातात. आज क्लोरोफॉर्म राहिलेला नाही, भूल पुष्कळ सुरक्षित झाली आहे, आणि लहान पॉलिप तर कित्येकदा भुलीशिवायही काढता येतो.

एक सूचना मात्र करावीशी वाटते. अजूनही काही ठिकाणी 'पिशवी साफ करून टाकू' म्हणून नुसते क्युरेटिंग करतात, म्हणजे न पाहता आतून खरवडणे. यात पॉलिप सहज निसटतो. आणि जोराने किंवा वारंवार खरवडले तर अस्तर इतके दुखावते की आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. मूल हवे असलेल्या स्त्रीने, दुर्बिणीने पाहून काढता येईल का, हे विचारलेच पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती. आपल्या भागात पिशवी काढण्याची एक साथच आहे. हा शब्द आम्ही विचार करून वापरत आहोत. केंद्र सरकारच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांची नोंद आहे. साऱ्या देशात शंभरात सुमारे ३ स्त्रियांची पिशवी काढलेली होती. तेलंगणात हा आकडा ८ च्या वर, आंध्र प्रदेशात ९ च्या जवळ. आपल्याकडच्या स्त्रियांची गर्भाशये देशातील इतर स्त्रियांपेक्षा अडीचपट अधिक रोगट असतील हे संभवत नाही.

आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांची मुळे मराठवाड्यात आहेत, नांदेड, बीड, परभणीकडे. तिकडची हकीकत अधिक कठीण आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, त्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. पाळीच्या त्रासाने बाई एक दिवस फडात गेली नाही की खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. मग पिशवीचीच कटकट नको, असा विचार तिशीतल्या बायका करू लागल्या, आणि तसा सल्ला देणारेही भेटले. हा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा महाराष्ट्र विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांत सुमारे १३ हजार ८०० जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींत एक! साखर गोड लागते, पण ती कोणाच्या पोटातून आली आहे याचा विचार शेतीच्या या पानावर कोणीतरी करावयास हवा होता.

शहरातले स्वरूप थोडे वेगळे असते. बाईला सांगितले जाते, "पिशवीला सूज आहे", "पिशवीच्या तोंडाला जखम आहे", "पिशवी खराब झाली, पुढे कॅन्सर होईल". ही वाक्ये म्हणजे निदान नव्हे. आमच्याकडे आलेल्या एका भगिनीस वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मूलबाळ नसताना, एका पॉलिपसाठी पिशवी काढण्याचा सल्ला कुठेतरी मिळाला होता. दुसऱ्या डॉक्टरांनी तो कोंब दुर्बिणीने काढला. तिला पुढे मूल झाले की नाही हे येथे सांगण्याची गरज आम्हांस वाटत नाही. तिची पिशवी शाबूत राहिली, हेच पुरेसे महत्त्वाचे आहे.

नांगरताना दगड लागला म्हणून कोणी शेत विकीत नाही. दगड काढतो, बांधावर टाकतो आणि पेरणी करतो.

गर्भाशय काढण्याची खरी गरज कधीच नसते असे मात्र नाही. कर्करोग असेल, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव असेल, तर ती शस्त्रक्रिया जीव वाचवते, आणि धर्माच्या दृष्टीनेही तीत काही गैर नाही. पण तरुण वयात ती केली आणि सोबत बीजकोशही काढले, तर अकाली पाळी जाते, हाडे ठिसूळ होतात, आणि संततीची वाट तर बंदच होते. म्हणून सही करण्यापूर्वी आजाराचे नाव कागदावर लिहून मागावे, तुकड्याची तपासणी झाली आहे का ते विचारावे, याहून लहान उपाय नाही का हेही विचारावे, आणि दुसऱ्या, शक्य तर सरकारी, डॉक्टरांचे मत घ्यावे. सुलतान बाजारचे आणि पेटलाबुर्जचे सरकारी प्रसूतिगृह आपल्यापासून दूर नाही. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेले नियम सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावेत, असा आदेश दिलेला आहे. तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या बाईस कोणी उद्धट म्हणू नये.

आता पुरुषांकडे वळू. मूल होत नाही म्हटले की तपासणी सुरू होते बायकोची, दोष बायकोचा, नवस बायकोचा, उपास बायकोचे. बी आणि जमीन हा दाखला आपल्याकडे फार चालतो आणि त्यात नेहमी जमीनच नापीक ठरते. पण खरा शेतकरी असे करीत नाही. पेरणीपूर्वी तो शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि आठवड्याने किती मोडले ते मोजतो. उगवण झाली नाही तर बियाणे बदलतो, जमिनीला शिव्या देत बसत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही कारण असते. पतीची तपासणी सोपी, स्वस्त आणि बिनशस्त्राची आहे. ती न करता पत्नीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजवणे अन्यायाचे आहे, आणि पुष्कळदा व्यर्थही. वीर्याचा नमुना कसा घ्यावा याविषयी ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीमुळे काहींच्या मनात शंका असते. त्या पतींनी संकोच न करता आम्हांस भेटावे, शिकवणुकीस धरून मार्ग आहे.

जुन्या करारात हन्नेची गोष्ट आहे. तिला मूल नव्हते, आणि सवत पनिन्ना तिला वर्षानुवर्षे डिवचत असे. मंदिरात ती ओठ हलवत मूकपणे प्रार्थना करू लागली, तर एली या याजकाला वाटले की बाई प्यालेली आहे! दुःखी स्त्रीला चुकीचे समजण्याची परंपरा आम्हां धर्मगुरूंतही बरीच जुनी आहे. आपल्या घरांत पनिन्ना कोण आहे हे ज्याने त्याने पाहावे. 'वांझ' हा शब्द तर ख्रिस्ती घरात उच्चारला जाऊ नये.

शेवटचा प्रश्न धर्माचा. याचे उत्तर सरळ आहे. पॉलिप काढणे, बंद गर्भनळी मोकळी करणे, संप्रेरकांची औषधे घेणे, हे सर्व उपचार निसर्गातील अडथळा दूर करतात आणि पतिपत्नींच्या मिलनाची जागा घेत नाहीत. म्हणून ते ख्रिस्तसभेस मान्य आहेत. २००८ साली रोमहून प्रसिद्ध झालेल्या 'दिग्नितास पेर्सोने' या मार्गदर्शनात, नैसर्गिक गर्भधारणेतील अडथळे दूर करणाऱ्या शस्त्रक्रिया व उपचार योग्य आहेत असे स्पष्ट म्हटलेले आहे. प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याच्या पद्धतीला मात्र, १९८७ च्या 'दोनुम व्हिते' पासून, ख्रिस्तसभेने संमती दिलेली नाही. तेथे मिलनाची जागा यंत्र घेते आणि तयार झालेले कित्येक गर्भ टाकून दिले जातात. हे सांगताना आम्ही एक गोष्ट तितक्याच ठामपणे सांगतो. त्या मार्गाने जन्मलेले मूल हे इतर कोणत्याही मुलाइतकेच देवाचे लेकरू आहे, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्या जन्माची चौकशी कोणी करणार नाही. मूल ही देणगी आहे, हक्क नव्हे, असेही ही शिकवणूक म्हणते. ज्यांना ती देणगी या वाटेने मिळत नाही त्यांच्यासाठी दत्तकाचा मार्ग खुला आहे. तो कायद्याने, केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नाव नोंदवूनच घ्यावा. कोणी ओळखीतून बाळ मिळवून देतो म्हणाले तर तो गुन्हा आहे हे समजावे.

नवस व औषध यांचे भांडण लावू नये. वेलांकणी मातेकडे जावे आणि सोनोग्राफीलाही जावे. शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री आहे. संत मार्क लिहितो की अनेक वैद्यांच्या हातून तिचे हाल झाले, होते नव्हते ते खर्च झाले, आणि दुखणे उलट वाढले. संत लूक, जो परंपरेने वैद्य मानला जातो, तो हीच गोष्ट सांगताना वैद्यांवरचा ठपका बराच सौम्य करतो. व्यवसायबंधूंची भीड पडली असावी! त्या काळच्या नियमाने ती अशुद्ध होती, गर्दीत येण्यास तिला मनाई होती. प्रभू येशूने तिला तिची कहाणी सर्वांसमोर बोलू दिली, आणि तिला मुलगी म्हणून हाक मारली. रक्तस्रावाची गोष्ट स्त्रीने उघड बोलावी यात लाज कसली, हे आम्ही तेथूनच शिकतो.

जिचे रक्त महिनोन् महिने जास्त गेले आहे तिच्या अंगात लोह कमी झालेले असते, आणि तशा अंगाने दिवस जाणे माय-लेकरू दोघांसही धोक्याचे. म्हणून पॉलिपच्या तपासणीबरोबर हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या काळी शौचास होते म्हणून सोडू नयेत, तसे होणारच. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. जेवणात बाजरीची भाकरी, डाळी, शेवग्याचा पाला, आणि आपली अंबाडी, जिला येथे गोंगुरा म्हणतात, ती असावी. अंगणात डबा-दोन डबे माती असली तरी अंबाडी येते. मटण-कलेजी परवडेल त्याने जरूर खावी. मात्र अंगावरून जाणे चालूच असेल तर नुसत्या भाजीने ते भरून निघत नाही, आधी गळती थांबवावी लागते.

वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, आणि पस्तिशी उलटली असेल तर सहा महिने प्रयत्न करून मूल राहिले नाही, तर जोडीने डॉक्टरांकडे जावे. जाताना मागील सहा पाळ्यांच्या तारखा आणि मध्ये लागलेल्या डागांचे दिवस एका कागदावर लिहून न्यावेत. सोनोग्राफीचे जुने फोटो, रक्ताचे अहवाल, शस्त्रक्रियेचा कागद, बायोप्सीचा अहवाल, सारे एका पिशवीत घालून कपाटात ठेवावे. ज्यांना दवाखान्यात तेलुगू किंवा इंग्रजीतून बोलणे अवघड जाते त्या भगिनींनी रविवारी मराठी मिस्सेनंतर कचेरीत सांगावे, सोबत येण्यास कोणीतरी बाई नक्की मिळेल.